सभागृहाची किल्ली

24 मार्च 2025 रोजी मुंबई महापालिकेचे पथक हातोडे घेऊन खारमधल्या ‘द हॅबिटॅट’ या छोट्या रंगमंचावर पोहोचले. आदल्या रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे मोडतोड केली होती. राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांना उद्देशून स्टँडअप विनोदकार कुणाल कामरा यांनी म्हटलेले एक विडंबनगीत त्याच जागेत काही आठवड्यांपूर्वी चित्रित झाले होते आणि ते नुकतेच लोकांसमोर आले होते. मोडतोड करणाऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. पालिकेने मात्र त्या जागेतले काही बांधकाम अनधिकृत ठरवून काढून टाकले. स्वतःला आणि मालमत्तेला धोका न पत्करता कलावंतांना व्यासपीठ कसे द्यायचे याचा मार्ग सापडेपर्यंत आपण बंद राहू, असे त्या जागेच्या चालकांनी जाहीर केले.

या दोन दिवसांतल्या घटना नीट वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. जमावाने खुर्च्या मोडल्या हा गुन्हा होता आणि त्यासाठी फौजदारी कायदा आहे. पालिकेचे पथक आले ते कायद्याचेच रूप घेऊन. त्याच्याकडे शिक्का होता, अधिकार होता, नियमावलीतले कलम होते. गाण्याबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही. तरीही त्या संध्याकाळी मुंबईतल्या प्रत्येक छोट्या सभागृहाच्या मालकाला जो निरोप पोहोचायचा तो पोहोचला. उद्या एखाद्या कलावंताला तारीख देताना तो मालक आधी त्याची संहिता आठवणार नाही, स्वतःच्या गच्चीवरचे पत्र्याचे छप्पर आठवेल.

ही पुस्तिका नेमक्या या जागेबद्दल आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपण बहुधा कलावंत आणि सरकार, किंवा कलावंत आणि जमाव अशी करतो. या दोघांच्या मध्ये एक सभागृह असते. त्याला भाडे असते, तारीख असते, अग्निशमनाचा दाखला असतो, व्यवस्थापक असतो, आणि त्या व्यवस्थापकाच्या टेबलावर फोन असतो. कलावंताला गप्प करणे अवघड असते, कारण तो न्यायालयात जातो आणि वर्तमानपत्रात बोलतो. सभागृहाला गप्प करणे त्या मानाने फार सोपे असते. म्हणून ज्यांना बोलणे थांबवायचे आहे ते कलावंताकडे कमी आणि सभागृहाकडे जास्त वळतात, आणि सभागृहांवर सर्वांत जवळची सत्ता असते ती स्थानिक स्वराज्य संस्थेची.

मुळशी तालुक्यातल्या माणसारख्या गावाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. माणमध्ये महापालिकेचे नाट्यगृह नाही. गावाच्या जमिनीवर हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचे टप्पे उभे राहिले, एमआयडीसी आली, मग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए आली. माण-म्हाळुंगे नगररचना योजनेची आखणी झाली. शिवाजीनगरपर्यंतच्या 23 किलोमीटरहून लांब मेट्रो मार्गाचा आगार माणमध्ये आहे. कागदोपत्री गाव अजून ग्रामपंचायतीचे आहे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. एकाच शिवारात ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए आणि पोलीस आयुक्तालय अशा चार सत्ता वावरतात. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 रोजी सुरू झाले, आणि माणच्या परिसरातल्या कार्यक्रमाची परवानगी आता तिथल्या यंत्रणेकडून येते.

या गावात बोलण्याच्या आणि सादर करण्याच्या जागा दोन तऱ्हेच्या आहेत. एक जुनी तऱ्हा: जत्रेतली तमाशाची कनात, देवळापुढचे भजन आणि भारूड, शेजारच्या हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या उत्सवात जमणारी गर्दी. दुसरी नवी तऱ्हा: सोसायट्यांची क्लबहाउसे, कंपन्यांची सभागृहे, कॅफेतल्या संध्याकाळच्या मैफली, जिथे मराठीइतकीच हिंदी, बंगाली आणि तेलुगू ऐकू येते. यांपैकी एकाही जागेसाठी सार्वजनिक, लिखित, सर्वांना सारखी लागू होणारी नियमावली नाही. परवानगी मिळते ती ओळखीवर आणि नाकारली जाते ती तोंडी. अशा गावात पुढच्या काही वर्षांत सभागृहे नक्की बांधली जातील. त्यांच्या भिंतींबरोबर त्यांचे नियमही उभे राहिले पाहिजेत, आणि ते पहिल्या वादाच्या आधी उभे राहिले पाहिजेत, हे या पुस्तिकेचे एकमेव म्हणणे आहे. वाद पेटल्यावर केलेला नियम नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध केलेला असतो.

महाराष्ट्राचा या बाबतीतला इतिहास अभिमानाचाही आहे आणि लाजेचाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. पौराणिक कथेच्या आडून लॉर्ड कर्झनच्या राजवटीवर केलेली टीका प्रेक्षकांना लगेच कळली आणि सरकारला थोड्या उशिराने कळली. 1910 मध्ये त्यावर बंदी आली. त्या बंदीमागे 1876 चा नाट्यप्रयोग कायदा होता. तो कायदा केंद्राने 2018 मध्ये औपचारिकरीत्या मोडीत काढला. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून घेण्याची व्यवस्था टिकून राहिली. ती 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम 33 वर आणि त्याखाली 1960 मध्ये केलेल्या नियमांवर उभी आहे. त्या नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नाटकाचा प्रयोग करता येत नाही, आणि या पूर्वतपासणीला अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनाही तमाशातल्या जिभेची भीती वाटली. तमाशावर निर्बंध आले, अण्णाभाऊ साठे यांच्या कलापथकाला सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले. बतावणीत पाटलाची, सावकाराची, फौजदाराची खोड काढणे ही तमाशाची जुनी रीत आहे आणि तीच सत्तेला खुपते. आजही आपल्या जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे कारभारी तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात. सुपारी देणारी यात्रा कमिटी, कनातीची जागा देणारी ग्रामपंचायत आणि परवानगी देणारे पोलीस ठाणे या तिघांच्या मर्जीवर त्या रात्रीचा वग अवलंबून असतो. नाट्यगृहाला निदान बुकिंगची पावती असते. कनातीला तीही नसते. म्हणून नियमांची सर्वांत जास्त गरज ज्या कलावंतांना आहे ते शहरातले नाटकवाले नाहीत, तमाशाच्या फडातले आहेत.

1972 हे वर्ष मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोन नाटकांमुळे ठळक झाले आणि दोन्ही विजय तेंडुलकरांची होती. ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले, प्रयोग थांबले, दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयात नाटकाच्या बाजूने निकाल लागला. त्याच वर्षी 16 डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्या नाटकाचे प्रयोग सरकारने थांबवले नाहीत. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या ज्या संस्थेने ते केले होते तिच्याच पदाधिकाऱ्यांनी 19 प्रयोगांनंतर ते थांबवले. कलावंत बाहेर पडले आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. 1980 मध्ये हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही त्याला विरोध झाला. एका नाटकाला मंडळाने अडवले, दुसऱ्याला घरच्या माणसांच्या धास्तीने. दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची आहे, कारण तिच्याविरुद्ध अपील करायला न्यायालय नसते.

या इतिहासाचे धागे पिंपरी-चिंचवडमध्ये येऊन मिळतात. ‘सखाराम’ची भूमिका निळू फुले यांनी केली होती, आणि आज पिंपळे गुरवमध्ये महापालिकेचे नाट्यगृह त्यांच्या नावाने उभे आहे. संत तुकारामनगरमधल्या रंगमंदिराला आचार्य अत्रे यांचे नाव आहे, ज्यांनी आयुष्यभर सत्तेला शब्दांनी धारेवर धरले. जानेवारी 2024 मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ‘घाशीराम’चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. ज्या कलावंतांना एकेकाळी प्रयोगासाठी झगडावे लागले त्यांची नावे आज नगरपित्यांनी इमारतींवर कोरली आहेत. हे चांगलेच झाले. पण त्या नावांचा मान राखायचा तर त्यांच्यासारखा आजचा कलावंत त्याच इमारतीत तारीख मागायला आला की त्याला कोणते उत्तर मिळते, हे तपासावे लागेल.

याच शहरात जानेवारी 2016 मध्ये 89 वे साहित्य संमेलन झाले. नियोजित अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांनी आधी एका भाषणात पंतप्रधानांबद्दल काढलेल्या उद्गारांवरून वादळ उठले, संमेलन होऊ न देण्याचे इशारे दिले गेले, आणि अखेरीस सबनीसांनी खेद व्यक्त केल्यावर ते पार पडले. तीन वर्षांनी यवतमाळच्या संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण आयोजकांनी धमक्यांपुढे मागे घेतले. 3 जानेवारी 2017 रोजी पुण्यातल्या महापालिकेच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. त्यांच्या मृत्यूला तेव्हा जवळपास शतक उलटले होते आणि राग होता त्यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकाचा. 2 फेब्रुवारी 2024 रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग जमावाने बंद पाडला, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. या घटनांमध्ये आक्षेप घेणाऱ्या संघटना वेगवेगळ्या, त्यांचे झेंडे वेगवेगळे, त्यांची दुखरी जागा वेगवेगळी. जागा ताब्यात असणाऱ्यांची अडचण मात्र प्रत्येक वेळी एकच होती: गोंधळ नको, म्हणून कार्यक्रम नको.

‘कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’ हे वाक्य आपल्याकडे इतके सरावाचे झाले आहे की ते कायद्याच्या विरुद्ध आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. 1989 मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही. तसे करणे म्हणजे धमकी देणाऱ्यापुढे कायद्याने शरण जाणे होय. भावना दुखावल्या की नाही हे कोणाच्या मापाने मोजायचे, याचे उत्तर तर नागपूर उच्च न्यायालयाने 1946 मध्येच दिले होते. न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी मांडलेली कसोटी अशी, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसावर काय होईल ते पाहायचे, प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या डळमळीत मनावर काय होईल ते नव्हे. ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी स्वीकारली, आणि मार्च 2025 मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना पुन्हा तिचाच आधार घेतला. नागपूरच्या न्यायपीठावरून निघालेली ही कसोटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाट्यगृह व्यवस्थापकाच्या टेबलावर असायला हवी.

सभागृहांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल त्याहून अलीकडचा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कोलकात्यात ‘भोबिष्योतेर भूत’ नावाचा राजकीय उपहासाचा बंगाली चित्रपट प्रदर्शित झाला आणि लगोलग चित्रपटगृहांतून उतरवला गेला. सेन्सॉरचे प्रमाणपत्र होते, बंदीचा कोणताही आदेश नव्हता. चित्रपटगृहांच्या मालकांवर वरून दबाव आला होता. 11 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला निर्मात्यांना 20 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि स्पष्ट केले की अभिव्यक्तीवर हल्ला न करणे एवढ्यावर राज्याचे कर्तव्य संपत नाही. ती सुरक्षितपणे होऊ देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. तोंडी, कागदावर न येणारी बंदी हीसुद्धा बंदीच आहे, हे या निकालाने मान्य केले. आपल्याकडच्या बहुतेक बंद्या याच जातीच्या असतात. व्यवस्थापक सांगतो, ‘वरून फोन आला.’ वरचा माणूस सांगतो, ‘आम्ही काहीच केले नाही.’ आणि रंगमंचावर अंधार असतो.

बांधकामाचे नियम हा या दबावाचा नवा मार्ग झाला आहे, आणि तो एकाच पक्षाने वापरला असे म्हणता येणार नाही. 9 सप्टेंबर 2020 रोजी मुंबई महापालिकेने कंगना राणावत यांच्या पाली हिलवरच्या बंगल्याचा भाग पाडला, तेव्हा तत्कालीन सत्ताधाऱ्यांवर त्यांची जाहीर टीका चालू होती. 27 नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई कायद्याच्या दृष्टीने दुष्ट हेतूची ठरवून नोटिसा रद्द केल्या. त्याच निकालात न्यायालयाने त्यांच्या वक्तव्यांबद्दल नापसंतीही व्यक्त केली. बोलणे न पटणे आणि त्या बोलण्याबद्दल घर पाडणे या दोन गोष्टींमधले अंतर न्यायालयाने स्वच्छ दाखवले. पुढे 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह आदेश. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला त्यातून वगळले आहे. खारमधली कारवाई या निकालानंतर अवघ्या चार महिन्यांत झाली. त्या वेळी मुंबईत निवडून आलेले नगरसेवक नव्हते. मार्च 2022 पासून प्रशासकच कारभार पाहत होते. पिंपरी-चिंचवडचीही तीच स्थिती होती. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक नसला की नाट्यगृहातल्या कलावंताचा पाठीराखाही कमी होतो, हे या काळाने शिकवले.

प्रत्येक नियम म्हणजे गळचेपी, असे आमचे म्हणणे नाही. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसे दगावली. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे हवेत, वायरिंग तपासलेले हवे, क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकली जाऊ नयेत, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद व्हावा: हे नियम कलावंताच्याही जिवासाठी आहेत. प्रेक्षकांना जाळणारे सभागृह कोणाच्याही स्वातंत्र्याचे रक्षण करत नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. खरा सुरक्षेचा नियम सर्व सभागृहांना सारखा लागू होतो, वर्षभर लागू होतो, आणि आज रंगमंचावर काय चालले आहे याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. ज्या तपासणीची आठवण विडंबनगीतानंतरच्या सकाळीच होते, ती तपासणी सुरक्षेची नसते. उलट अशा कारवाईने सुरक्षेच्या नियमांचीच पत जाते, आणि उद्या अग्निशमन अधिकारी खरोखर धोका दाखवायला आला तर लोक त्याच्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

जगात इतरत्र हा प्रश्न नेमक्या आपल्या रूपात आला आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराच्या नाट्यगृह मंडळाने ‘हेअर’ या संगीतनाटकाला तारीख नाकारली. मंडळातल्या कोणीही नाटक पाहिलेले किंवा वाचलेले नव्हते. ते अश्लील आहे असे कानावर आले होते, एवढेच. 1975 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नगरपालिकेच्या ताब्यातले नाट्यगृह हे अभिव्यक्तीसाठी राखलेले सार्वजनिक ठिकाण आहे, आणि ते नाकारायचे असेल तर सिद्ध करण्याचा भार पालिकेवर आहे, निर्णय लवकर झाला पाहिजे आणि न्यायालयाकडे लगेच जाता आले पाहिजे. 1999 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी यांनी एका चित्रप्रदर्शनावर संतापून ब्रुकलिन संग्रहालयाचे अनुदान रोखले आणि शहराच्या मालकीच्या इमारतीतून त्याला बाहेर काढण्यासाठी दावा लावला. न्यायालयाने महापौरांना थांबवले. इमारत शहराची असली तरी तिच्यातल्या भिंतीवर काय टांगायचे हे महापौराच्या रुचीवर ठरणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. ब्रिटनमध्ये नाटकाची पूर्वतपासणी 1968 मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर तिथली रंगभूमी कोसळली नाही, उलट बहरली. ज्या राजवटीने आपल्याला 1876 चा कायदा दिला तिने स्वतःच्या घरात ती पद्धत बंद केली, आणि आपण मात्र तिचा वारसा अजून जपत आहोत.

या विषयावर ग्रामसभेत किंवा नगरसेवकांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोकांच्या पैशातून बांधलेल्या सभागृहात लोकांनाच दुखावणारा कार्यक्रम का व्हावा? त्याचे उत्तर असे, की लोक म्हणजे एकाच मताचे लोक नव्हेत. माणमध्ये कर भरणारा शेतकरी, भाड्याने राहणारा अभियंता, त्यांच्या घरी कामाला येणारी बाई, कंपनीतला सुरक्षारक्षक, वारकरी, आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता, नास्तिक, हे सगळे लोक आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला दुखावणारे काही ना काही कधी तरी त्या रंगमंचावर येणारच. तारीख देणे म्हणजे ग्रामपंचायतीने त्या मताला पाठिंबा देणे नव्हे. गावाच्या चावडीवर दोन्ही बाजूंचे लोक बसतात म्हणून चावडी एकाही बाजूची होत नाही. सभागृहाची किल्ली ज्याच्या हाती आहे तो मालक नाही, विश्वस्त आहे.

याचा अर्थ रंगमंचावर काहीही चालेल, असा नाही. राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये वाजवी निर्बंधांची यादी आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी आणि अशा काही बाबी. एखाद्याने हिंसेला उघड चिथावले तर तो गुन्हा आहे आणि त्याची दखल पोलिसांनी घेतलीच पाहिजे. पण ती दखल घडलेल्या गोष्टीची घ्यायची असते आणि तिचा निवाडा न्यायालयात व्हायचा असतो. काय घडेल याचा अंदाज बांधून कुलूप लावायचा अधिकार सरपंचाला नाही, आयुक्तांना नाही आणि क्लबहाउसच्या समितीला तर मुळीच नाही.

पुढच्या पानांत तीन भाग आहेत. पहिल्या भागात महाराष्ट्रातल्या वादांचा इतिहास विस्ताराने दिला आहे आणि तो देताना कोणत्याही पक्षाला सूट दिलेली नाही. दुसऱ्या भागात आज कार्यक्रमासाठी लागणाऱ्या परवानग्यांची वाट सोप्या भाषेत समजावली आहे: कोणता कागद कोणाकडे द्यायचा, पोच कशी घ्यायची, नकार आला तर तो लेखी कसा मागायचा, माहिती अधिकाराचा अर्ज कुठे करायचा. तिसऱ्या भागात सभागृहांसाठी एका नियमावलीचा मसुदा आहे. त्यातली प्रमुख कलमे इथेच सांगतो, कारण या साऱ्या लेखनाचा जीव तिथे आहे.

अर्जात तारीख, वेळ, प्रेक्षकांची अपेक्षित संख्या आणि तांत्रिक गरजा विचाराव्यात. विषय आणि आशय विचारू नये. नकार द्यायचा असेल तर तो ठरलेल्या मुदतीत, लेखी, कारणासह, कायद्याचे कलम आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही घालून द्यावा. एकदा दिलेली तारीख नेत्याच्या सत्कारासाठी किंवा सरकारी बैठकीसाठी काढून घेऊ नये. ही तक्रार आपल्या भागातले रंगकर्मी फार काळ करत आले आहेत. काढून घ्यावीच लागली तर पर्यायी तारीख आणि भरपाई मिळावी. धमकी आली तर संरक्षण कार्यक्रमाला द्यावे आणि त्याचा खर्च आयोजकाच्या माथी मारू नये. सभागृहांच्या सुरक्षा तपासणीचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हावे, आणि वादानंतर लगेच करायच्या बांधकामविषयक कारवाईला नोटीस व सुनावणी अनिवार्य असावी. नकाराविरुद्ध दाद मागायला रंगकर्मी, वकील आणि नागरिक यांची छोटी समिती असावी आणि तिचा निर्णय कार्यक्रमाच्या तारखेआधी यावा. तारीख उलटल्यावर आलेला न्याय नाटकवाल्याच्या उपयोगाचा नसतो. हीच कलमे जत्रेतल्या कनातीलाही लागू व्हावीत.

यातले एकही कलम मंजूर करायला नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचा ठराव पुरतो, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो, सोसायटीच्या वार्षिक सभेचा ठराव पुरतो. परिनिरीक्षण मंडळ ठेवायचे की नाही हा प्रश्न मुंबईत सुटेल. माणच्या सभागृहाचे नियम मात्र माणमध्येच होऊ शकतात, आणि आज ते करण्याइतका शांत वेळ गावाकडे आहे. कोणत्याही कलावंताचे नाव समोर नाही, कोणताही पक्ष दुखावलेला नाही, कोणाचाही फोन आलेला नाही. ज्यांना एकमेकांची मते मुळीच पटत नाहीत अशा माणसांनी एकत्र बसून असा ठराव करावा, कारण पुढे कधी तरी त्यांतल्या प्रत्येकाला त्याची गरज पडणार आहे. ही पुस्तिका वाचणाऱ्या सरपंचांना, सदस्यांना, व्यवस्थापकांना आणि रंगकर्मींना आमची विनंती आहे, की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा.